गठुडीचं पोट

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

तू म्हणशील, बाळंतपणापासून हिला दोन ओळी खरडायला सवड झाली नाही आणि आता लिहितेय तर कशाबद्दल, तर शीबद्दल! हस, खुशाल हस. मला मात्र हसू येत नाहीये.

गठुडी दोन महिन्यांची झाली. अजून हेच नाव चालू आहे, कारण दुपट्यात गुंडाळली की गठुड्यासारखीच दिसते. पहिले पाच-सहा आठवडे बाई दिवसभर लंगोट पिवळे करत होत्या. मी धुऊन धुऊन इतकी वैतागले होते की एकदा तिच्या तोंडावर म्हणाले, बास कर गं आता. माझीच दृष्ट लागली बहुतेक. मागच्या मंगळवारी शेवटची शी झाली, ती झाली. आज सोमवार. अजून पत्ता नाही.

फक्त माझं दूध पिते, दुसरं काही नाही. मग आत जातं ते जातं कुठे? मधूनच तोंड लालबुंद करते, कण्हते, पाय पोटाशी घेते. मी लंगोट सोडून बघते, तर कोरा. समोरच्या काकू काल येऊन पोट चाचपून गेल्या आणि म्हणाल्या, आमच्या भाच्याचं असंच झालं होतं, आतड्याला पीळ बसला होता, वेळेवर कळलं म्हणून वाचला. एवढं बोलून चहा पिऊन गेल्या निवांत. मी तेव्हापासून तिच्या पोटावर हात ठेवूनच बसलेय. त्या साबणाची बारीक कांडी करून आत घालायलाही सांगत होत्या. माझ्याने नाही होणार ते.

हे भट्टीवरून पाव भाजून येतात ते दिवसा झोपतात. त्यांना उठवून सांगितलं तर म्हणाले, होईल गं, आणि कूस बदलली. लाँड्रीतल्या बायकांना विचारावं तर माझी रजा अजून महिनाभर आहे. माझा फोन बादलीत पडल्यापासून मुका झालाय, यांचा यांच्याबरोबर जातो आणि तुमच्या त्या डोंगरावरच्या बागेत रेंज म्हणून येत नाही. म्हणून हे पत्र खाली सायकलच्या दुकानात ठेवतेय. दूधगाडीवाला उद्या सकाळी वर येताना आणेल.

ताई, तुला एवढं ठाऊक असतं. सांग ना काय करू. मला खूप भीती वाटतेय.

तुझी बारकी

*

बुधवार, ६ मार्च

बारके,

आधी तो हात काढ तिच्या पोटावरून. सारखा हात ठेवलास तर मलाही कण्हावंसं वाटेल.

तू स्वतः काही कमी नव्हतीस. आई गेली तेव्हा तू चालायला लागली होतीस, तेव्हापासून तुझं पोट, तुझं नाक, तुझे कान, सगळं मीच निस्तरलंय. चार चार दिवस कुंथायचीस आणि मग नेमकी माझ्या धुतलेल्या फ्रॉकवर मोकळी व्हायचीस. तर घाबरू नकोस. कोमट तेलाचा हात पोटावर गोल फिरव, बेंबीच्या भोवती, हलका. पाय धरून सायकल चालवल्यासारखे हलव. साबणाची कांडी बिंडी अजिबात नको, त्या काकूंना म्हणावं स्वतःला घाला.

आणि या गाडीबरोबर मधाची बरणी पाठवतेय. आपल्याच पेट्यांमधला, मी माझ्या हाताने गाळलेला. बोटाच्या टोकावर जरासा घ्यायचा आणि सकाळ-संध्याकाळ चाटवायचा. बघ कसं पोट सुटतं ते. मध कधी कुणाला बाधलाय का? अकरा वर्षं माश्या पाळतेय मी. इथल्या बागेत कामाला येणाऱ्या बायका आपल्या पोरांसाठी माझ्याकडेच मागायला येतात.

इथे बागेला बहर आलाय, पेट्या झाडांखाली मांडल्यात. हे दिवसभर जाळी घालून फिरतात, भुतासारखे दिसतात. माश्या खूश आहेत. मी पण असते, तू नीट लिहिलं असतंस तर.

बाळंतपणाला तू नणंदेकडे गेलीस, मला बोलावलं नाहीस. ते मी गिळलं. किती दिवस बोलले नाही ते तुला ठाऊक आहे आणि मला पण. आता निदान एवढं तरी माझं ऐक.

यांचा गठुडीला आशीर्वाद. माझा तर आहेच.

ताई

*

शुक्रवार, ८ मार्च

प्रिय ताई,

बरणी पोचली. गाडीवाल्याने मांडीवर धरून आणली म्हणे, तू तसा दम दिला होतास. किती सुंदर रंग आलाय गं. खिडकीत ठेवलीय.

शी नाही. तेल लावते, सायकल चालवते, बाईसाहेब हसतात तेवढ्या. गंमत म्हणजे तिला स्वतःला काही पडलेलीच नाही. दूध पिते, शू भरपूर करते, झोपते. मी मात्र खाणंच सोडल्यात जमा आहे. काकू म्हणाल्या तू बटाटा खाल्लास म्हणून झालं, मग बटाटा बंद. मग म्हणाल्या चहा, मग चहा बंद. काल संध्याकाळी पावाचा तुकडा तोंडात घातला आणि वाटलं हा तिच्या पोटात जाऊन दगड होईल. थुंकून टाकला. यांनीच भाजलेला पाव होता, हे माझ्याकडे बघतच राहिले.

आणि वारा सुटतो तिला, ताई! एवढ्याशा जिवातून असला आवाज आणि असला वास. हे झोपेतून उठून म्हणाले, कोण आलं?

हसवायचा प्रयत्न करतेय तुला, पण एवढं लिहितानाही दोनदा उठून तिला बघून आले. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात सोमवारी लहान मुलांची नर्सबाई येते. तिच्याकडे नेते. तोपर्यंत जीव मुठीत धरून बसलेय. तिचा श्वास सुद्धा मोजते मी. मध्येच एखादा लांबला की माझा थांबतो.

बारकी

*

बुधवार, १३ मार्च

प्रिय ताई,

झालं! झालं गं बाई झालं!

काल दुपारी. मी तिला मांडीवर घेऊन लाँड्रीतल्या मुकादमबाईंना दाखवत होते, त्या बघायला आल्या होत्या. त्यांनी आपली कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. गठुडीने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं, भुवया वर केल्या आणि सुरू झाली. लंगोटातून, दुपट्यातून, पाठीवरून मानेपर्यंत! मऊ, पिवळीधमक, खडा नाही की काही नाही. मुकादमबाई ओरडल्या आणि मी रडायला लागले. त्यांना वाटलं साडीसाठी रडतेय. म्हणाल्या, अगं राहू दे, आपलीच लाँड्री आहे.

तुझ्या मधाचंच काम हे. दोन दिवस चाटवला तू सांगितलास तसा आणि लगेच गुण आला. नर्सबाईंनाही दाखवून आणलं, त्या म्हणाल्या बाळ छान आहे. वजनही वाढलंय.

तू होतीस म्हणून निभावलं. मी आता बटाटा खातेय.

तुझीच बारकी

*

शुक्रवार, १५ मार्च

बारके,

तुझं पत्र मी गाडीपाशी उभ्या उभ्याच वाचलं आणि तिथेच हसत सुटले. गाडीवाल्याला वाचून दाखवलं, यांना दाखवलं, बागेच्या मालकाच्या बायकोला दाखवलं. इस्त्रीच्या साडीवर! माझ्या फ्रॉकचा वारसा चालवतेय पोरगी.

आता मधेच सोडू नकोस हं. रोज सकाळी एक बोट चाटवत राहा, म्हणजे पुन्हा अडणार नाही. बरणी संपली की दुसरी देते.

खरं सांगू? नणंदेकडे गेलीस ते मनात रुतून बसलं होतं. वाटलं होतं, मोठी झाली, आता हिला माझं काही लागत नाही. काल वाटलं, लागतं. एवढंच. जास्त लिहीत नाही, नाहीतर डोक्यावर बसशील.

ताई

*

सोमवार, १८ मार्च

बारके,

मध बंद कर. हे वाचता वाचताच बंद कर. एक थेंबही देऊ नकोस. बोटाला लागलेलाही नको.

आज बागेत आरोग्यखात्याची बाई आली होती, मजुरांची पोरं तपासायला. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगायला गेले, माझ्या भाचीचं पोट माझ्या मधाने कसं सुटलं ते. ती लिहीत होती, तिचं पेन थांबलं. म्हणाली, केवढी आहे भाची? मी म्हटलं, सव्वादोन महिन्यांची. तिने मला हाताला धरून बाजूला नेलं.

म्हणाली, वर्ष होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नसतो. कितीही शुद्ध असला तरी नाही. कधीकधी त्यात एका जंतूचं बी असतं. आपल्याला काही होत नाही, आपलं पोट ते पचवतं. बाळाच्या आतड्यात ते रुजतं आणि विष करतं. प्रत्येक बाळाला होतं असं नाही, म्हणाली, पण झालं तर वाईट होतं. आणि ऐक, पहिल्यांदा काय होतं माहितेय? शी अडते. मग बाळ सुस्त होतं, रडणं बारीक होतं, पापण्या जड होतात, मान टाकतं, दूध ओढायची ताकद राहत नाही. मग श्वास.

मी तिला विचारलं, एकदा दिला असेल तर? म्हणाली, महिनाभरानेही होऊ शकतं, लक्ष ठेवायला हवं. यातलं काहीही दिसलं तर तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि मध दिलाय हे आधी सांगायचं, कारण ते सांगितलं नाही तर त्यांना पटकन कळत नाही.

म्हणून सांगते, लपवू नकोस. लोक काय म्हणतील, नर्सबाई काय बोलतील, गेलं चुलीत. माझं नाव सांग. म्हणावं ताईने दिला, ताईने रोज द्यायला सांगितला.

दुपारी चढ चढून खिंडीपर्यंत गेले, तिथे रेंज येते. तुझ्या यांचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा लावला. झोपले असणार फोन बंद करून. तुझ्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नाही. आता हे पत्र उद्याच्या गाडीने देते, गाडीवाल्याला सांगते की दुकानात ठेवू नको, जिना चढून हातात दे.

माझ्या हाताने गाळला गं मी तो मध. बरणी उन्हात धरून रंग बघत होते. देवा, तिला काही होऊ देऊ नको.

ताई

*

सोमवार, १८ मार्च, संध्याकाळ

प्रिय ताई,

उद्या गाडी आहे म्हणून घाईत लिहितेय.

तुझं पत्र मिळालं, बरं वाटलं. खूप बरं वाटलं. पण आज मन थाऱ्यावर नाही.

काल-परवापासून शी पुन्हा बंद आहे. त्याचं एवढं नाही, आता जरा सवय झालीय. पण आज ती मला वेगळीच वाटतेय. सकाळी दवाखान्यात नेऊन टोचून आणली, दुपारपासून नुसती झोपून आहे. उठवली तरी डोळे अर्धेच उघडते. रडते तेही बारीक, मांजराच्या पिल्लासारखं कुईं करते आणि गप्प होते. एरवी तिच्या रडण्याने खालचा सायकलवाला पंक्चर सोडून वर बघतो. दूध दोन घोट घेते आणि सोडून देते. खांद्यावर घेतली तर मान टाकते. अंगही कोमट लागतंय.

हे म्हणतात, झोपू दे तिला. काकू म्हणतात, बघ हं बाई.

मला पुन्हा तीच भीती. उगाच काहीतरी मनात येतं. तू असतीस तर बरं झालं असतं असं खूप वाटतंय आज.

बारकी

*

मंगळवार, १९ मार्च

अहो,

तुम्ही परत याल तेव्हा ही चिठ्ठी दारात अडकवलेली दिसेल. मी दूधगाडीत बसून बारकीकडे निघालेय. गाडीवाला हॉर्न वाजवतोय.

बारकीचं पत्र आलं. बाळाने मान टाकलीय. काल त्या बाईने जे जे सांगितलं ते सगळं पत्रात एकेक करून लिहिलंय, आणि लिहिणारीला त्याचा अर्थच माहीत नाही. मी तिथे गेल्याशिवाय दवाखान्यात कुणी मधाचं सांगणार नाही.

मालक सकाळी सांगून गेलेत, कीड फार झालीय, बहर असला तरी उद्या उजाडता उजाडता फवारणी करणार. आज अंधार पडायच्या आत सगळ्या पेट्यांची तोंडं बंद करा. आत्ता बंद करता येत नाहीत, सगळ्या माश्या बाहेर आहेत. संध्याकाळी परतल्या की लगेच जाळी ठोका आणि वर ओली पोती टाका. पोती भिजवून विहिरीपाशी ठेवलीत. मजुरांना सांगून बघितलं, पेटीला हात लावायला एकही तयार नाही.

तुम्ही मध पोचवून संध्याकाळपर्यंत येतो म्हणालात. या. काही झालं तरी या.

मी थांबू शकत नाही हो.

*

सोमवार, २५ मार्च

प्रिय ताई,

शनिवारच्या गाडीने तुझं काही आलं नाही. गाडीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, बाई बोलत नाहीत, चिठ्ठी दिली नाही. मला तेव्हाच कळलं, अबोला सुरू झाला.

धरायलाच हवास तू. पण मी लिहिणार. तू इथे होतीस त्या दोन दिवसांत माझ्या तोंडून धड एक वाक्य निघालं नाही, म्हणून लिहिते.

तू दार ढकलून आलीस तेव्हा मी गठुडीचे लंगोट वाळत घालत होते. तुझ्या अंगाला दुधाचा वास, केस विस्कटलेले, पायात एकाच पायाची चप्पल. दुसरी कुठे पडली हे तुलाही माहीत नव्हतं. तू गठुडीला माझ्याकडून मागितलीही नाहीस, पाळण्यातून उचललीस आणि म्हणालीस, "मध किती दिलास?" मी म्हटलं, "ताई, बस तर खरी." तू इतक्या जोरात ओरडलीस, "किती दिलास?" की हे उठून बसले.

आणि मी म्हणाले, दिलाच नाही.

तुला ते पटेना. बरणी अर्धी झालेली दिसत होती. यांनी सांगितलं, मी पावाला लावून खाल्ला, तर तू म्हणालीस, हिला पाठीशी घालू नका. मला म्हणालीस, भीतीने खोटं बोलू नकोस गं, मी काही करणार नाही तुला, पण डॉक्टरांना खरं सांग. आणि पदर खोचून तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात निघालीस, ती एक चप्पलही दारातच टाकून, अनवाणी. डॉक्टरांना तू हात जोडून सांगत होतीस, मध दिलाय, मी दिलाय, माझी चूक आहे, आणि मी मागून म्हणत होते, नाही दिला. त्यांना कळेना यातली आई कोण.

मग त्यांनी तिला तपासलं. लस टोचल्यावर येते तसली कणकण होती, तीही उतरली होती. पोट मऊ. मान त्यांनी धरून बघितली तर तिने त्यांच्या चष्म्याला हात घातला. आणि रडली ती कसली, आख्खा दवाखाना वळून बघायला लागला! डॉक्टर म्हणाले, अंगावर पिणाऱ्या बाळांना या वयात आठवडा आठवडा शी होत नाही, दुधातलं सगळंच अंगी लागतं. मऊ होतेय, शू होतेय, वजन वाढतंय ना, मग तिच्या पोटाचा नाद सोडा. हेच सगळं नर्सबाईंनी मला आधीच्या सोमवारी, शी व्हायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं.

आणि मधाचंही त्यांनीच सांगितलं होतं. मी सहज विचारलं, तर हात जोडून म्हणाल्या, वर्षापर्यंत चाटवू सुद्धा नका. मी एकदाही दिला नव्हता. शी आपोआप झाली.

मग तुला तसं का लिहिलं? गेला आठवडाभर मी स्वतःला हेच विचारतेय. तुझ्या पत्रात होतं, निदान एवढं तरी माझं ऐक. नाही ऐकलं असं लिहिलं असतं तर तू पुन्हा गप्प झाली असतीस. तू ओरडलीस तर मी सोसते, मारलंस तरी सोसेन. पण तू गप्प होतेस ना ताई, तेव्हा मला पुन्हा आई गेल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, एक ओळ तर लिहायचीय, तिला बरं वाटेल. कुणाचं काय जातंय.

दवाखान्यातून आल्यावर तू भिंतीला टेकून बसलीस. मला वाटलं आता थोबाडीत मारशील. तू नुसती गठुडीच्या पायाला हात लावून बसलीस. गुरुवारी गाडीत बसतानाही बोलली नाहीस. माझी चप्पल घालून गेलीस तेवढं बरं केलंस.

काहीतरी लिही. शिव्या लिही.

बारकी

*

रविवार, ३१ मार्च

बारके,

अबोला नव्हता. बोलायला तोंड नव्हतं आणि लिहायला हात रिकामे नव्हते.

हे त्या मंगळवारी संध्याकाळी परत आलेच नाहीत. उतारावर टेम्पोचं चाक निखळलं, रात्र तिथेच काढली. बुधवारी उन्हं वर आल्यावर पोचले, तोवर फवारणी होऊन गेली होती. चिठ्ठी दारातच होती, ओली पोती विहिरीपाशीच होती.

मी गुरुवारी गाडीतून उतरले तर बाग गप्प. बहरातली बाग कशी असते ते तू ऐकलंयस ना, कानाशी सतत गुंई चालू असते. काही नाही. प्रत्येक पेटीपुढे माश्यांचे ढीग. काही अजून पाय हलवत होत्या, गोल गोल फिरत होत्या. तीन-चार पेट्या सोडल्या तर बाकी सगळ्या गेल्या. त्या तीन-चार पण जगतील की नाही माहीत नाही. अकरा वर्षं यांच्या अंगाखांद्यावर वाढवल्या त्या. मालक येऊन उभे राहिले, म्हणाले, मी तर आदल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलंच होतं त्यांनी.

मी मोठ्यांदा तुझ्या नावाने शिव्या घातल्या. तू मागितल्यास ना, तर सांगते, भरपूर घातल्या, सायकलवाल्याला सुद्धा लाज वाटली असती असल्या. एका ओळीसाठी! मला बरं वाटावं म्हणून! कुणाचं काय जातंय म्हणे! यंदाचा हंगाम गेला, पुढच्या वर्षी पेट्या भरायला माश्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून हे आणि मी याच बागेत फळं विरळ करायच्या कामाला जाणार, त्या बाकीच्या मजुरांबरोबर. यांनी तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी काढला तेवढा पुरेसा होता.

टोचून आणल्याचं तू लिहिलं होतंस. परवा पत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं. तेव्हा मान टाकते एवढंच दिसलं होतं मला. आणि माझ्या अबोल्याचं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. एवढी भीती घालून ठेवली होती मी तुला, हे मला माहीत नव्हतं. त्याचं काय करायचं ते बघते.

पण दुसरंच सांगायला बसलेय, ते कुणाला सांगू नकोस, यांना तर मुळीच नाही. त्या आठवड्यातल्या शनिवारी मी खराटा घेऊन मेलेल्या माश्या झाडत होते. सुपात भरायच्या आणि खड्ड्यात टाकायच्या. हे शेजारी उभे, डोळे पुसत होते. आणि मला हसू येत होतं, बारके. आवरेना. हे म्हणाले, काय झालं तुला, वेड लागलं का? मी म्हटलं, हो बहुतेक. कसं सांगणार त्यांना? तुझ्याकडे येताना त्या दूधगाडीत मी अख्खी वाट देवाला म्हणत आले होते, काय हवं ते घे, सगळं घे, तिला सोड. सूप भरताना मला एवढंच वाटत होतं, की या माश्याच आहेत. नुसत्या माश्याच आहेत.

तर आता मला खरं सांगायचं. माझ्या मनाला काय वाटेल ते बघायचं नाही, मी रुसले तर रुसू दे.

शी झाली का गं तिला? नसेल झाली तर नाही असंच लिही.

ताई